शार्लट मेसनचं वेळापत्रक घरी राबवताय? या चुका टाळा

सकाळी नऊला पहिला धडा, साडेअकराला सुट्टी. मध्ये कवायत आणि खेळ. कुठलाच धडा वीस मिनिटांहून मोठा नाही, दुपार सगळी मोकळी. इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनबाईंच्या शाळेतलं सहा-सात वर्षांच्या मुलांचं हे वेळापत्रक पहिल्यांदा पाहिलं की होमस्कूलिंग करणारी, म्हणजे मुलांना घरीच शिकवणारी आई म्हणते, "एवढंच?" पुढच्या सोमवारी ते घरात सुरू होतं. महिनाभरात फ्रिजवरच्या त्या कागदाकडे कुणी बघेनासं होतं आणि आई ठरवून टाकते की आपल्यालाच शिस्त नाही.

शिस्तीचा प्रश्न क्वचित असतो. बहुतेक वेळा कागद चुकीच्या पद्धतीने वाचलेला असतो. त्यातल्या वेळा आपण सुरुवातीच्या म्हणून वाचतो. माझ्या मते तो कागद मुख्यतः थांबायचं कधी ते सांगतो.

आधी तो आला कुठून ते बघू. मेसनबाई (१८४२–१९२३) इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइड गावी राहायच्या. १८९१ मध्ये त्यांनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने चालणारी शाळा काढली. दर सत्राला कुटुंबाला पोस्टाने अभ्यासक्रम यायचा आणि सत्राच्या शेवटी प्रश्नपत्रिका. वर्गवार वेळापत्रकं ठरलेली होती. ब्रिटिश साम्राज्यात दूरदूर विखुरलेली इंग्रज कुटुंबंही ही शाळा वापरत. १८९२ मध्ये बाईंनी अँबलसाइडलाच घरी शिकवणाऱ्या गव्हर्नेस तयार करण्यासाठी प्रशिक्षण संस्था सुरू केली. पहिली चूक इथेच दडलेली आहे.

कागदावर न दिसणारी माणसं विसरणं

त्या काळी ज्या घरांत हे वेळापत्रक सुरळीत चालायचं, त्यांतल्या बऱ्याच घरांत शिकवायला पगारी गव्हर्नेस असायची, स्वयंपाकाला बाई असायची आणि लहान बाळ सांभाळायला आणखी कुणीतरी. नऊ ते साडेअकरा या वेळात शिकवणाऱ्या बाईला दुसरं काम नसायचं. खुद्द मेसनबाईंचं लग्न झालेलं नव्हतं, त्यांना मूलबाळ नव्हतं. हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. त्यांची मुलांबद्दलची समज भल्याभल्या आईबापांना लाजवेल अशी होती. पण एका हाताने कुकरची शिट्टी मोजत दुसऱ्या हाताने अक्षर गिरवून घ्यायची वेळ त्या कागदाने कधी पाहिलेली नाही.

म्हणून घड्याळातले नऊ सोडून द्या आणि पहिला धडा घरातल्या एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधा. नळाचं पाणी भरून झालं, डबा गेला, कामवाल्या मावशी भांडी घासून गेल्या की पहिला धडा. काही घरांत हे साडेनऊला होईल, काहींत साडेदहाला. मुलाला घड्याळापेक्षा "मावशी गेल्या की बसायचं" हे लवकर कळतं. दुपारचा स्वयंपाक निदान अर्धा तरी धडे सुरू व्हायच्या आधी आवरलेला हवा, नाहीतर तिसऱ्या धड्याला आई उठतेच. आणि ती एकदा उठली की मूलही उठतं.

धडा ताणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते.

लहान मुलांचे धडे दहा ते वीस मिनिटांचे. सुलेखनाला दहा मिनिटं पुरतात. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. आपण सगळे शाळेत वाढलेलो, त्यामुळे आपल्या हाडात वेगळाच नियम मुरलाय: पान पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही. मूल रेंगाळलं की आपण धडा लांबवतो आणि मूल रंगलं तरी लांबवतो. दोन्हीकडून नुकसानच.

रेंगाळणाऱ्या मुलाला कळतं की वेळ संपतच नाही, मग आत्ताच मान खाली घालून काम कशाला करायचं? रंगलेल्या मुलाला त्याहून वाईट गोष्ट कळते. चार गणितं झटपट सुटली म्हणून आईने आणखी सहा दिली. म्हणजे मन लावून केलं की काम वाढतं. असं चार-पाच वेळा झालं की कुठलंही हुशार मूल हळू व्हायला शिकतं, आणि आई म्हणते, "आधी किती पटापट करायचा!"

मेसनबाईंचा सगळा डोलारा लक्ष देण्याच्या सवयीवर उभा आहे. वेळ थोडा आणि ठरलेला आहे हे मुलाला माहीत असेल तरच ती सवय लागते. म्हणून आवाज करणारा एक टायमर घ्या. मोबाइलवरचा नको, कारण टायमर बंद करायला उचललेल्या मोबाइलमध्ये आई किती वेळ अडकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. वीस मिनिटं झाली की अर्धवट गणित अर्धवटच ठेवा, उद्या तिथूनच पुढे. सुलेखनात पानभर वाकडी अक्षरं काढण्यापेक्षा सहा अक्षरं नीट आली तर तो धडा झाला. ती दोन मिनिटांत आली? मग उरलेली आठ मिनिटं मुलाची. त्यात दुसरं काही घुसवलंत तर वरचं सगळं पाण्यात.

पहिले काही दिवस वह्या अर्धवट दिसतील, सासूबाई विचारतील, तुम्हालाही धाकधूक होईल. होऊ द्या.

सारखे धडे शेजारी ठेवणं

मूळ वेळापत्रकात वाचनानंतर गणित, गणितानंतर गाणं किंवा कवायत, मग लेखन अशी आलटापालट असते. ती शोभेसाठी नाही. ऐकण्याचं काम झालं की हाताचं, हाताचं झालं की अंगाचं. आपण सोयीसाठी सगळी वाचनं एकत्र उरकतो आणि मग चौथ्या पुस्तकाला मूल खुर्चीवरून घरंगळतं. रोज ठरावीक वेळी मूल चिडत असेल तर आधी त्याच्या स्वभावावर जाऊ नका, त्या धड्याच्या आधी काय होतं ते बघा. बहुधा तिथे दोन सारखे धडे एकापाठोपाठ आलेले सापडतील.

कवायतीचा वेळ मात्र कापू नका. त्या काळी ती स्वीडिश पद्धतीची असायची. आपल्याकडे सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, लेझीम, काहीही चालेल. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार येत असेल तर जिन्याने चार वेळा वर-खाली.

सांगून दाखवण्याची उलटतपासणी करणं

पुस्तकातला उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने आपल्या शब्दांत तो परत सांगायचा, हा या पद्धतीचा कणा. घरी होतं काय, की आई उतारा वाचते आणि प्रश्न सुरू करते. "राजाचं नाव काय होतं? आणि मग? नाही नाही, त्याच्या आधी काय झालं?" मूल गप्प. आई पुन्हा वाचते. म्हणजे पहिल्यांदा ऐकलं नाही तरी चालतं, हा धडा मुलाने शिकला.

मूल "माहीत नाही" म्हणतंय तर उतारा लांब आहे. एका परिच्छेदावर या. नवखं मूल असेल तर आठवडाभर फक्त पंचतंत्रातल्या किंवा इसापच्या छोट्या गोष्टी घ्या. अवघड नावं वाचण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवा. वाचायला बसताना कालचा भाग कुठे थांबला एवढं मुलाला आठवू द्या. मग वाचा, पुस्तक मिटा, "सांग बरं" म्हणा आणि गप्प बसा. चुकलं तरी मध्ये बोलू नका. दुरुस्ती सगळं सांगून झाल्यावर. आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलाला हे सांगायलाच लावू नका, बाईंचा त्याला स्पष्ट नकार होता. औपचारिक धडेसुद्धा सहानंतरच.

अनेक आयांना पडणारा प्रश्न: पुस्तक इंग्रजी आणि मूल मराठीत सांगतंय, चालेल का? चालेल काय, उत्तम. इंग्रजी ऐकून मराठीत सांगणाऱ्या मुलाने गोष्ट कळून घेतली आहे, नुसती घोकलेली नाही.

प्रत्येक मुलाचा वेगळा कागद चालवणं

वर्गवार वेळापत्रकं वेगळी होती, हे खरं. लहानांना साडेअकरापर्यंत, मोठ्या वर्गांना दुपारी एकपर्यंत. तीन मुलांची आई हे तीन कागद शेजारी लावते आणि एकाच वेळी तीन ठिकाणी हजर राहायचा प्रयत्न करते. गणित, वाचन आणि लेखन तेवढं वयाप्रमाणे वेगळं ठेवा. कविता, गाणी, चित्र बघणं, निसर्ग, गोष्टींचा इतिहास सगळ्यांना एकत्र. धाकट्याने कमी सांगावं, थोरल्याने जास्त. मोठं मूल स्वतः वाचत असेल तेव्हा लहानाचं गणित घ्या. दोन वर्षांचं बाळ असेल तर ज्या धड्याला तुमचं पूर्ण लक्ष लागतं तोच त्याच्या झोपेत बसवा, बाकीचे धडे त्याच्या गोंधळातच होतील.

एप्रिल ते ऑक्टोबर

बाईंचं एक वाक्य नेहमी सांगितलं जातं: एप्रिल ते ऑक्टोबर, बऱ्यापैकी हवेच्या दिवशी मुलांनी चार ते सहा तास बाहेर घालवावेत. ते इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलंय. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. तिथे हे अक्षरशः पाळणं म्हणजे उष्माघाताला आवतण. आणि जूनपासून पुढे कोकणात तुम्ही छत्री घेऊन किती वेळ उभे राहणार?

ऋतू उलटे लावा. आपला बाहेरचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लांबच्या भटकंतीचे तास त्या महिन्यांत वसूल करा. उन्हाळ्यात बाहेरचं सगळं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी, म्हणजे अभ्यासाचा क्रमही बदलेल: आधी फिरणं, मग धडे. निसर्गवहीत काय काढायचं याचा प्रश्न आपल्याकडे तरी पडू नये. फेब्रुवारी-मार्चला काटेसावर, त्याच सुमाराला पांगारा, एप्रिल-मेला बहावा, श्रावणात तेरडा. इंग्रजी यादीतली रॉबिन आणि ब्लूबेल शोधत बसण्याची गरज नाही. खिडकीतला बुलबुल पुरतो.

साहित्य तेवढं उचलणं

या पद्धतीच्या फोटोंत दिसणारे चिनी मातीचे कप, तागाचे एप्रन, मेणबत्ती, जुन्या धाटणीची टोपली. फोटो सुंदर येतात. हौसेला मोल नाही, पण एप्रन विकत घेतल्याने धडा दहा मिनिटांत संपत नाही.

उलट, मूळ अभ्यासक्रमातल्या जागा मात्र विचार करून भरा. फ्रेंचची जागा होती ती सुरुवातीला तोंडी भाषेची: रोज थोडं ऐकणं आणि बोलणं. तिथे हिंदी, संस्कृत, कानडी, जी घरात किंवा शेजारी बोलली जाते ती बसवा. बायबलच्या जागी कुणी गीतेचे श्लोक घेईल, कुणी हरिपाठ, कुणी बायबलच ठेवेल. चित्रांसाठी नियम सोपा होता, एका सत्रात एकाच चित्रकाराची सहा चित्रं. राजा रविवर्मा घ्या, पुढच्या सत्रात दुसरा कुणी. फक्त एका जागी दोन विषय कोंबू नका. शनिवारचंही तेच. मूळ वेळापत्रक सहा दिवसांचं होतं. तुमच्या घरी शनिवार मोकळा असेल तर त्या दिवसाचे धडे वजा करा, इतर पाच दिवसांत वाटू नका.

दुपार भरून टाकणं

सकाळ अडीच तासांत संपली की आईला अपराधी वाटतं आणि दुपारी वर्कशीट निघतात, मग अबॅकसचा क्लास, मग कोडिंग. मोकळी दुपार या योजनेचाच भाग आहे. हस्तकला, बाग, भटकणं, कंटाळणं हे सगळं तिथेच व्हायचं.

आईसाठीही. मेसनबाईंच्या चळवळीच्या मासिकात १८९० च्या दशकात एक लेख आला होता, त्यातली एक शहाणी बाई सांगते की ती नेहमी तीन पुस्तकं चालू ठेवते: एक जड, एक मध्यम आणि एक कादंबरी, ज्या वेळी जे झेपेल ते उचलते. हा लेख सर्रास मेसनबाईंच्या नावावर खपवला जातो, पण तो त्यांचा नाही. सल्ला मात्र चोख आहे. दुपारी अर्धा तास दार लोटून वाचा. मुलांना सांगून ठेवा की रक्त आलं तरच हाक मारायची.

मोठ्या मुलालाही लहानांच्या मापाने मोजणं

दहा-अकराच्या पुढे वीस मिनिटांचे धडे पुरत नाहीत. मूळ वेळापत्रकातही वय वाढतं तसे धडे लांबतात. आपल्याकडे एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त बेसिक शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत आणि पुढे दहावीची परीक्षा. दहावीला बसणाऱ्या मुलाला दोन-तीन तास सलग लिहावं लागणार. त्याची तयारी तेराव्या वर्षापासून हळूहळू करा: आठवड्यातून एक लेखी उत्तर, मग दोन, मग महिन्यातून एकदा पूर्ण पेपर. सत्राच्या शेवटी परीक्षा घेण्याची मेसनबाईंची रीत इथे कामाला येते. लहान मुलं तोंडी उत्तरं सांगायची आणि मोठी माणसं ती जशीच्या तशी लिहून घ्यायची. तुम्हीही तसं करा, तारीख घाला आणि फाइलला लावा. घरी काय शिकवता असं नातेवाइकांपासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत कुणीही विचारलं, तर ती फाइल पुढे ठेवता येते.

एवढं करूनही गाडी रुळावर येत नसेल तर वेळापत्रकातले फक्त तीन धडे ठेवा: गणित, वाचून सांगणं आणि एखादी कविता. ते दोन आठवडे वेळेत सुरू होऊन वेळेत संपू द्या. मग चौथा घाला.