लेखापरीक्षणासाठी क्लायंटची कागदपत्रे लावताना

प्रत्येक क्लायंटची दर आर्थिक वर्षाची फाइल स्वतंत्र असावी आणि भागीदारीपत्र, कर्जाचे करार, खरेदीखते असे वर्षानुवर्षे लागणारे दस्तऐवज कायमस्वरूपी फाइलमध्ये वेगळे ठेवावेत. खरा वेळ जातो तो व्हाउचर, म्हणजे नोंदीचा आधार असलेले बिल किंवा पावती, शोधण्यात. लेखापरीक्षक खातेवहीतील एखादी नोंद निवडून तिचा आधार मागतो. त्यामुळे प्रत्येक बिलावर व्हाउचर क्रमांक लिहावा, तोच क्रमांक नोंदीच्या तपशिलात टाकावा आणि स्कॅन केलेल्या प्रतीचे नाव ‘२०२४-०७-१५ खरेदी ३१२’ असे वर्षापासून सुरू करावे, म्हणजे प्रती आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. थर्मल कागदावरील पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा त्या हाती येताच स्कॅन कराव्यात.

बँक ताळमेळ, म्हणजे हिशेबवहीतील बँकेची शिल्लक आणि स्टेटमेंटमधील शिल्लक जुळवणे, दर महिन्याला करून त्या महिन्याच्या बँक स्टेटमेंटला जोडावा. कर विवरणपत्रातील उलाढाल आणि हिशेबवह्यांतील उलाढाल यांत फरक असल्यास त्याचे कारण आकड्यांसह त्याच वेळी लिहून ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पुढे नेमका तोच प्रश्न विचारला जातो आणि तोवर तपशील कोणालाच आठवत नाही. मूळ कागद क्लायंटला परत दिल्यास तारखेसह त्याची पोच घ्यावी.