नदीचा मासा: काठापासून फ्रीजरपर्यंत

गोव्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा सत्तरी-सांगे या आतल्या तालुक्यांकडच्या घरांत नदीचा, धरणाचा मासा शिजतो: मरळ, वाम, रोहू, कटला, तिलापिया. तो किती टिकेल, हे काठावरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतं.

गरीवरून सोडवल्यावर माशाच्या डोक्यावर एकच जोरदार घाव घालावा. कल्ल्यांखाली चीर देऊन पाचेक मिनिटं वाहत्या पाण्यात धरावा. रक्त गेलं की मांस पांढरं राहतं. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो, म्हणून त्याला पिशवीत तडफडत ठेवू नये. प्लास्टिकमध्ये बांधून स्कूटरच्या डिकीत घातलेला मासा घरी पोचेपर्यंत उबून निघतो. खोक्यात माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ, थरावर थर लावून घालावा. तळाला भोक हवंच, नाहीतर मासा वितळलेल्या पाण्यात भिजत राहतो.

मरळ, वाम बुळबुळीत. त्यांना चुलीची राख किंवा जाडं मीठ चोळून धुवावं. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढावेत. मिशावाल्या माशांचा पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे आधी कात्रीने छाटावेत, टोचले तर फार ठणकतात.

आता पोट. गुदद्वारापासून हनुवटीपर्यंत सुरीचं फक्त टोक घालून, धार वर ठेवून चिरावं. खोल गेलात तर यकृताजवळची हिरवट पित्ताची पिशवी फुटते आणि मांस कडू होतं. फुटलीच तर लगेच भरपूर पाण्याने धुवून हिरवा डाग पडलेला भाग कापून टाकावा. रोहू-कटल्याचं पित्त औषध म्हणून गिळणारे लोक आहेत. ते विषारी असतं, मूत्रपिंडं निकामी करतं. कुणालाही गिळू देऊ नका.

आतडी काढल्यावर कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ दिसते. तिच्यावरचा पापुद्रा चिरून, चमच्याच्या टोकाने ती खरवडून काढावी. मासा लवकर वास मारतो तो बहुतेकदा ही रेघ आणि कल्ले तसेच राहिल्यामुळे. पोटातला काळा पापुद्राही चोळून काढावा.

चिखलाचा वास मात्र धुण्याने जात नाही. तो कातडीत आणि पोटाच्या चरबीत मुरलेला असतो. चरबी काढून टाकावी, तुकडे सोलांच्या (कोकमाच्या) किंवा चिंचेच्या आंबट पाण्यात २० मिनिटं ठेवावेत. आंबटाने वास मोडतो.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मासा एक, फार तर दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचा तर तुकडे कोरडे पुसून, एका जेवणापुरते वेगळे करून, हवा काढून उणे १८ अंशांवर गोठवावेत. गोठलेले तुकडे क्षणभर बर्फाच्या पाण्यात बुडवून परत ठेवले की वर बर्फाचं कवच धरतं, मासा सुकत नाही. पिशवीवर तारीख घालावी. तीन महिन्यांत संपवलेला बरा. पावसात वीज गेली तर फ्रीजर उघडू नये. मासा काढायचा असेल तेव्हा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात सरकवावा, आणि एकदा बर्फ सुटलेला मासा पुन्हा गोठवू नये.