तंबाखू सर्वेक्षणासाठी शाळेत जाण्याआधी

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू घेताना आढळली. मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेने केलेल्या त्या कामात उत्तरं मुलांनी स्वतः कागदावर भरली होती. तेव्हा अशा कामाला निघताना सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी करायची: मुलाला बिनधास्त खरं लिहिता यावं.

आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना फोन करा. त्या दिवशी घटक चाचणी, सहल नाही ना, हे विचारा आणि आठवी ते दहावीचा तुकडीनिहाय पट मागवा. परवानगीच्या पत्राच्या दोन प्रती जवळ ठेवा. पालकांची पत्रं आधीच घरी गेलेली हवीत. तुकडी चिठ्ठीनेच निघते. ‘अ तुकडी घ्या, पोरं शहाणी आहेत’ असा आग्रह होतोच. चहा घ्यावा, तुकडी बदलू नये. गैरहजर मुलं हजेरीपटावरून मोजून नोंदवा.

खडू, जादा पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, जाड लिफाफे घ्या. कागद हातात पडला की मुलांचा हात सवयीने कोपऱ्यात नाव नि हजेरी क्रमांक लिहायला जातो, म्हणून कागद वाटण्याआधीच फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘नाव लिहू नका’ लिहा. शेजारी ३० दिवसांपूर्वीची तारीखही लिहा, कारण बरेचसे प्रश्न ‘गेल्या ३० दिवसांत’ असेच असतात. एका बाकावर एकच मूल. नको असेल त्याने कोरा कागद दिला तरी चालेल, हेही मोठ्याने सांगा. वर्गशिक्षकांना मात्र बाहेरच थांबवा, कितीही प्रेमळ असले तरी. सर बाकांमधून फिरत असतील तर कोण खरं लिहील?

शब्दांची तयारी बहुतेक जण विसरतात. तंबाखू-सुपारी-चुन्याच्या मिश्रणाला विदर्भात खर्रा म्हणतात, इतरत्र मावा. मिश्री तर आजी दात घासते त्यातली, ती तंबाखू आहे हे कित्येक मुलांच्या गावीही नसतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे त्याच्यापुढे खूण करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असं एखाद्याला वाटू शकतं. प्रश्न वाचताना आवाज सपाट ठेवा.

कागद मुलांनीच लिफाफ्यात टाकायचे, लिफाफा वर्गासमोरच चिकटवायचा. निघताना ‘आमच्याकडची किती पोरं खातात?’ असं विचारलं जाईल. नमुना राज्य आणि देशासाठी काढलेला असतो, एका शाळेचा आकडा त्यातून देत नाहीत, एवढंच सांगून निघा.