पुष्परचना स्पर्धा: टेबलावर रचना ठेवण्याआधी या चुका टाळा

बेळगावच्या ह्यूम पार्कातलं फळाफुलांचं प्रदर्शन असो, की खानापूर-निपाणीच्या एखाद्या महिला मंडळाची स्पर्धा, रचना टेबलावर ठेवल्यावर परीक्षक तिथवर पोचेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. तेवढ्यात जरबेरा मान टाकतो, भांडं कलतं, पानांआडून फुलं खोचायचा पाणी शोषणारा फोम डोकावायला लागतो. कल्पना छान असते, बांधणी कच्ची राहते, आणि गुण तिथेच जातात.

पत्रक नीट वाचलं नाही

आपल्याकडे पत्रक बरेचदा कन्नडमध्ये असतं. 'ओण हूवु' म्हणजे वाळलेली फुलं. त्या गटात ताजं पान चालणार आहे का, हे आधीच विचारून घ्या. प्लास्टिकचं पान किंवा रंग फासलेलं ताजं फूल बहुतेक स्पर्धांत चालत नाही, आणि त्या एका पानापायी अख्खी रचना बाद होऊ शकते.

जागेचं मापही तसंच. ६० सें.मी. दिली असेल तर घरी ५० ते ५५ सें.मी.मध्येच रचना बसवा. कळ्या उमलतात, फांद्या सैलावतात आणि सकाळी आत असलेलं टोक दुपारी हद्दीबाहेर गेलेलं असतं. टेबलावर खडूने चौकट आखूनच सराव करा.

फोम: सगळ्यात जास्त चुका इथे

फोमची वीट पाण्यात दाबून बुडवणं ही नेहमीची चूक. बाहेरून ती ओली दिसते, पण गाभ्यात हवा अडकते. नेमकी त्या कोरड्या जागी गेलेली फुलं आधी माना टाकतात. रुंद घमेल्यात पाणी घ्या, वीट वर नुसती ठेवा आणि हात काढा. मिनिटा-दोन मिनिटांत ती आपोआप खाली बसते.

२३ × ११ × ८ सें.मी.ची वीट जवळजवळ २ लिटर पाणी पिते, म्हणजे तिचं वजनच २ किलोच्या आसपास होतं. हलक्या भांड्यात ती ठेवून उंच फांद्या पुढे झुकवल्या की भांडं उलटतं. तळाशी खडे घाला आणि मागची फांदी किंचित मागे कलती ठेवा.

फोम भांड्याच्या काठाच्या २ ते ३ सें.मी. वर हवा, नाहीतर आडव्या काड्या खोचताच येत नाहीत. काडी ३ ते ४ सें.मी. आत जाऊ द्या. एकदा खोचलेली काडी थोडी वर ओढू नका. तिच्या टोकाखाली पोकळी राहते आणि पाणी तुटतं. काढायचीच असेल तर पूर्ण काढा, दुसरीकडे खोचा. हेलिकोनियासारख्या जाड देठांसाठी फोमला आधी बारीक जाळी गुंडाळा, नाहीतर वीट चिरते. वापरलेली वीट पुन्हा भिजवून चालत नाही. ती पूर्वीसारखं पाणी घेत नाही.

जरबेरा, ग्लॅडिओलस, झेंडू

जरबेऱ्याचा देठ लवदार असतो, खोल पाण्यात लवकर कुजतो. बादलीत ५ ते ८ सें.मी.च पाणी ठेवा. मान वाकलीच तर देठ २-३ सें.मी. तिरका कापा, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि तासभर खोल, कोमट पाण्यात उभा ठेवा. बहुतेक वेळा सरळ होतो.

ग्लॅडिओलस आडवे टाकून निपाणीहून गाडीने आणले तर शेंडे वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत. ते बादलीत उभेच आणा. झेंडूचं डोकं जड असतं. २४ गेजची तार फुलातून खाली घालून टोकाला बारीक आकडा करा आणि तो पाकळ्यांत ओढून लपवा.

पिकलेली केळी आणि फुलं एका खोलीत ठेवू नका. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीनने कार्नेशन मिटून बसतं.

इकेबानाचं माप

इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना. तिच्या मोरिबाना या उथळ भांड्यातल्या प्रकारात 'अंदाजे' चालत नाही. सोगेत्सु या इकेबाना-पद्धतीत भांड्याचा व्यास आणि उंची यांच्या बेरजेच्या दीडपट शिन, म्हणजे सगळ्यात लांब फांदी. भांडं ३० सें.मी. रुंद आणि ६ सें.मी. उंच असेल तर शिन ५४ सें.मी., त्याच्या पाऊणपट सोए (मधली फांदी) म्हणजे सुमारे ४० आणि सोएच्या पाऊणपट हिकाए (सगळ्यात आखूड) म्हणजे ३० सें.मी. उभ्या मूळ रचनेत उभ्या रेषेपासून त्यांचे कोन १५, ४५ आणि ७५ अंश. केनझान, म्हणजे काड्या खोचायची काटेरी बैठक, चिकट मातीने कोरड्या भांड्यातच चिकटवा. ओल्या तळाला माती धरत नाही. काटे दिसू नयेत म्हणून ढीगभर पानं कोंबली की मोकळी जागा मरते, आणि इकेबानात परीक्षक तीच बघतात.

विणकाम आणि पाण्यातली रचना

केळीचं पान विणताना शिरांवरून फाटतं. ते मंद आचेवर झरझर फिरवा. रंग गडद होतो, पान लवतं, मग दुमडा. नारळाच्या पानाच्या पट्ट्या वाळल्या की आखडतात आणि विणीत फटी पडतात. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. स्टेपलची पिन मागच्या बाजूने मारा. केवड्याच्या पानाच्या काटेरी कडा आधी काढा. ओल्या पाकळीला गरम ग्लूगन लावू नका, पाकळी भाजून तपकिरी पडते.

पाण्याखालच्या रचनेत पाकळ्यांवर बुडबुडे बसतात, कारण नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. लवदार फुलं टाळा, मेणचट अँथुरियम किंवा ऑर्किड घ्या. ती बाजारातलीच हवीत. भीमगड अभयारण्यातून ऑर्किड, नेचे किंवा लाकडाचा तुकडाही उचलू नका.

निघताना टेबलावर सांडलेलं पाणी टिपा, कापलेली देठं गोळा करा आणि परीक्षकाच्या उंचीवरून मागच्या बाजूनेही एकदा पाहा. फोम दिसत असेल तर तिथे पान खोचा, भांड्यात पाणी भरा आणि मगच जागा सोडा.