पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड : पावसातला एक दिवस कसा आखावा

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाचीच वाट धरा. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाटही देखणी आहे, पण लांब पडते आणि परतताना काळोख गाठतो. नळीची वाट कसलेल्यांची. पावसात तिचं नावही काढू नका. पाचनईची वाट मात्र दीड-दोन तासांत वर नेते, धबधब्यांच्या जवळून नेते आणि बेताने चालणाऱ्यालाही झेपते. आमच्या गटात आता चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणी आहेत, एकीचा गुडघा दुखरा आहे, आणि आम्ही दर वर्षी याच वाटेने जातो.

कधी जायचं, हे आधी ठरवा. आषाढात गड धुक्यात बुडालेला असतो आणि ओढे अंगावर येतात. श्रावणी सोमवारी देवळात गर्दी, शनिवार-रविवारी वाटेवर गर्दी. मला विचाराल तर पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंतचा काळ निवडा, आणि त्यातला मंगळवार-बुधवार काढा. सुट्टी टाका, पण वार सोडू नका. या दिवसांत धबधबे अजून भरलेले असतात, पाऊस सरीसरीने येतो, मध्येच ऊन पडतं आणि पठारावर सोनकी पिवळीधमक फुललेली असते. निघण्याच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहा. अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) किंवा शेजारच्या ठाणे-पुणे जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावर ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला. अशा दिवसांत प्रशासन कधी कधी पर्यटकांना बंदीही घालतं, तीही बातमी बघून घ्या.

आम्ही संगमनेरहून पहाटे पाचला निघतो. अकोले, राजूर आणि तिथून पाचनई. पुण्याकडचे लोक आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असे येतात. मुंबईकरांना कसारा घाट चढून घोटीमार्गे राजूरला यावं लागतं. पेट्रोल राजूरच्या आतच भरून घ्या. पुढचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि पावसात खड्ड्यांचा, म्हणून किलोमीटर बघून वेळ ठरवू नका. आठच्या सुमारास चालायला लागायचं, एवढं गणित पक्कं ठेवा. मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. घरी कोणाला तरी सांगून या, कोणती वाट, किती जण, किती वाजेपर्यंत फोन येईल.

गावात पोचलं की पहिलं काम जेवण सांगायचं. दुपारी परत आल्यावर किती जण जेवणार, हे एखाद्या घरी सांगून ठेवलं की तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा गरम मिळतो. मात्र आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस असतील तर घरातल्या सगळ्या बायका सकाळपासून शेतात गुडघाभर चिखलात असतात. अशा वेळी "मावशी, जमेल का?" असं विचारा आणि नाही म्हणाल्या तर आपल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घ्या. भाताच्या बांधावरून फोटोसाठी फिरू नका, बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं. त्याच वेळी गावकऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारा : काल रात्री वर पाऊस कसा होता आणि वाटेतल्या ओढ्याला पाणी किती आहे. त्यांनी "आज नको" म्हटलं तर तो शेवटचा शब्द.

सॅकमध्ये फार काही लागत नाही. प्रत्येकीकडे दोन लिटर पाणी, खजूर, गूळ-शेंगदाणे, ओआरएसची पुडी, शिट्टी, टॉर्च आणि गुडघ्याला बांधायची पट्टी. सगळं सामान आधी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये, म्हणजे वरचं कव्हर उडालं तरी आतलं कोरडं राहतं. जीन्स अजिबात नको, ती भिजली की पाय उचलवत नाही. बूट नक्षीदार, खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. सह्याद्रीत चालणारे कितीतरी जण अॅक्शन ट्रेकिंगचे साधे बूट घालतात आणि आमचेही तेच आहेत. छत्री गाडीत ठेवा. कोरड्या कपड्यांचा एक जोडही गाडीतच.

वाट गावामागून चढते. सुरुवातीचा चढ दमवणारा आहे, तिथे घाई केली की पुढे धाप लागते. अवघड कातळावर रेलिंग आहेत, पण त्यांना लोंबकळू नका, नुसता हात ठेवा. मग वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटातून आडवी जाते. भिंत डोक्यावर पुढे आलेली, आणि तिच्या कडेवरून पाण्याच्या धारा तुमच्या पलीकडे दरीत पडत असतात. तुम्ही कोरड्या आणि समोर पाण्याचा पडदा. या जागी मी दर वेळी थांबते, बोलणं बंद करायला सांगते, आणि सगळ्या ऐकतात. थांबायचं मात्र भिंतीच्या बाजूला. धारेखाली उभं राहायचा मोह होतो, पण वरून पाण्याबरोबर दगडही येतात, आणि ते येताना दिसत नाहीत. भिजायचंच असेल तर पठारावरच्या उथळ प्रवाहात, कड्यापासून दूर, पाय सोडून बसा.

यानंतर ओढा लागतो आणि माझ्या मते सगळ्या दिवसाचा निर्णय इथे होतो. पाणी गुडघ्याच्या खाली आणि तळ दिसत असेल तर ओलांडा. गढूळ झालं असेल, काड्या-पाला वाहत असेल किंवा आवाज वाढला असेल तर थांबा. इथल्या ओढ्यांना पाणी पुरवणारा डोंगर लहान आहे, म्हणून पाणी झटकन चढतं, पण पाऊस थांबला की बऱ्याचदा तासा-दोन तासांत उतरतंही. थांबण्यात काहीच जात नाही. ओलांडताना सॅकचा छातीवरचा पट्टा सोडा, पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करा, काठी पुढे टेकवा आणि एक पाय घट्ट रोवल्यावरच दुसरा उचला. हिरवट-काळ्या कातळावर पाय देऊ नका, ते शेवाळ असतं. आणि जिथे ओढा लगेच खाली कोसळतो, तिथे कितीही उथळ दिसलं तरी ओलांडायचं नाही. आमच्या गटाचा नियम असा आहे की ओढ्यापाशी कोणीही एकीने "नको" म्हटलं की सगळ्या थांबतात. तिला कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. हा नियम घरून निघतानाच ठरवा, पाण्याच्या काठावर चर्चा नीट होत नाही.

पुढे वाट सोपी आहे. झाडीतून, पठारावरून चालत गेलं की हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर एकदम समोर येतं. सुमारे सोळा मीटर उंचीचं, शिखरापर्यंत कोरलेलं, आजूबाजूला लेण्या आणि शेजारून मंगळगंगेचा प्रवाह. बूट बाहेर काढा, ओले मोजेही. इथे चांगदेवांनी तप केलं आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला असं मानतात. त्यांचा उल्लेख असलेला शिलालेख इथे आहे. पूर्वेला सप्ततीर्थ पुष्करणी, तिच्या काठचे कोनाडे निवांत बघण्यासारखे. तिच्या पाण्यात साबण, शाम्पू, उष्टी भांडी काहीही नेऊ नका.

केदारेश्वराच्या गुहेबद्दल नीट सांगते, कारण बहुतेक जण तिच्यासाठीच येतात. पाण्याच्या मधोमध मोठं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच उभा. चार खांब म्हणजे चार युगं आणि उरलेला कलियुगाचा, अशी श्रद्धा आहे. कोरड्या दिवसांत लोक कमरेएवढ्या गार पाण्यातून लिंगाला प्रदक्षिणा घालतात. भर पावसात मात्र गुहेकडे जाण्याच्या वाटेवरच ओढा जोरात वाहतो. तेव्हा अलीकडूनच हात जोडा. देव तिथून नमस्कार घेतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

वेळ बघा. साडेअकराच्या आत मंदिरातून निघता आलं तरच कोकणकड्याला जा, तिकडे साधारण पाऊण तास लागतो. तिथे धुकं असेल तर कडा कुठे संपतो हे कळत नाही, म्हणून दहा पावलं मागेच बसा. वारा खालून इतक्या जोराने येतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडून तोंडावर येतं. ते बघायला काठावर जावं लागत नाही, ते स्वतःच येतं. तारामती शिखर, १४२९ मीटर, या दिवशी सोडून द्या. त्याला हिवाळ्यात या.

दोनला कुठेही असलात तरी उतरायला लागा. उतरताना सगळ्यात हळू चालणारी दुसऱ्या नंबरवर आणि सगळ्यात अनुभवी शेवटी. गुडघ्याची पट्टी आताच बांधा, दुखायला लागल्यावर नाही. प्लॅस्टिक, मक्याची कणसं, सगळं परत खाली आणा. बिबट्यापासून माकडापर्यंत सगळ्यांचं हे घर आहे आणि हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

खाली पोचलं की आधी कोरडे कपडे, मग भाकरी. मावशींना सांगितलेल्यापेक्षा कमी जण जेवलात तरी पैसे ठरल्याप्रमाणे द्या, भाकऱ्या त्यांनी तेवढ्याच थापलेल्या असतात. आणि पाचच्या आत पाचनई सोडा, म्हणजे वळणांचा रस्ता उजेडात संपतो आणि राजूरचे पेढे घ्यायला दुकानं उघडी सापडतात.