461 गुणांचा हिशेब

कॅनडाहून सुट्टीवर सोलापूरला आले की दोन-चार दिवसांत कोणी ना कोणी घरी येतंच. शेजारच्या काकूंचा मुलगा, कॉलेजातली एखादी ज्युनिअर, कधी भावाच्या मित्राची बायको. चहा होतो आणि मग तोच प्रश्न येतो, "ताई, पीआरला किती टक्के लागतात?" पीआर म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी.

दहावीपासून आपलं सगळं टक्क्यांवर चालतं, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. पण एक मुलगी डिग्रीला 58 टक्के आहेत म्हणून दोन वर्षं अर्जच न करता बसली होती, ते ऐकून मला फार वाईट वाटलं. कॅनडाच्या गुणपद्धतीत टक्के कुठेच धरत नाहीत. डिग्री कोणत्या पातळीची आहे एवढंच बघतात. फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास, दोघांना सारखेच गुण. तिला जिथे गुण मिळवता आले असते ती जागा होती भाषेची, आणि तिकडे तिने पाहिलंच नव्हतं.

असे गुण देऊन माणसं निवडायची पद्धत कॅनडानेच 1967 मध्ये पहिल्यांदा आणली. त्याआधी तुम्ही कोणत्या देशातले यावर बरंच ठरायचं. आज तिथे एक्स्प्रेस एंट्री नावाची पद्धत आहे, 2015 पासून. तिच्यात दोन पायऱ्या आहेत आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. पहिली पायरी 100 पैकी 67 गुणांची. ती ओलांडली की तुम्ही पात्र, म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. दुसरी पायरी 1200 पैकीच्या क्रमवारीची. रांगेतल्या सगळ्यांना तिथे गुण मिळतात, दर काही दिवसांनी ड्रॉ निघतो आणि वरच्या काही हजार लोकांना अर्जाचं आमंत्रण येतं. कटऑफ आधी ठरलेला नसतो. त्या दिवशी रांगेत कोण उभं आहे त्यावर तो ठरतो.

माझा हिशेब सांगते, म्हणजे हे नीट कळेल. 2019 सालची गोष्ट. मी 30 वर्षांची, बी.ई. आणि एम.ई. दोन्ही सोलापुरातूनच केलेलं. दोन वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, नंतर चार वर्षं पुण्यात नोकरी. नवरा 34 वर्षांचा, बी.ई., तोही नोकरीत.

घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की अर्ज नवऱ्याच्या नावाने जाणार. सासूबाई तर म्हणाल्या, "तो मोठा, तो कमावता, मग मुख्य अर्जदार तू कशी गं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना ते खरंच विचित्र वाटत होतं. आम्ही दोघांनी एका रात्री वहीत दोन रकाने आखले आणि दोन्ही बाजूंनी मोजलं. त्याच्या नावाने अर्ज केला तर वयाचे 75, शिक्षणाचे 112, भाषेचे 102, शिक्षण-अनुभव-भाषा यांच्या जोडणीचे 38 आणि जोडीदार म्हणून माझे 30. एकूण 357. माझ्या नावाने तेच गणित 461 वर जात होतं. घर तेच, माणसं तीच, फरक 104 गुणांचा. वही सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बेरजा स्वतः करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "मग तूच भर."

लग्न झालेलं असेल तर हे दोन्ही रकाने काढल्याशिवाय पुढे जाऊच नका. आणि जोडीदाराला इंग्रजीच्या परीक्षेला, म्हणजे आयईएलटीएसला, बसवा. "मला कशाला परीक्षा, अर्ज तर तुझा आहे" असं माझा नवराही म्हणत होता. पण माझ्या 461 मध्ये त्याचे 24 होते: डिग्रीचे 8 आणि आयईएलटीएसचे 16. ते 16 नसते तर मी 445 वर राहिले असते.

आता भाषा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण स्वतःच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. कॅनडा तुमचे आयईएलटीएसचे बँड स्वतःच्या मोजपट्टीवर, सीएलबीवर, बसवतं. सीएलबी 9 हवा असेल तर लिसनिंगला 8 आणि रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला प्रत्येकी 7 लागतात. चारही हवेत, सरासरी चालत नाही. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा परीक्षा दिली तेव्हा तीन विभागांत जमलं आणि रायटिंगला 6.5 आले. मला वाटलं, अर्ध्या बँडने काय बिघडतं! मोजलं तर भाषेचे 7 गुण गेले होते आणि जोडणीच्या 100 पैकी 50 गेले होते, कारण ते पूर्ण 100 चारही विभागांत सीएलबी 9 असेल तरच मिळतात. अर्ध्या बँडची किंमत 57 गुण. 461 चे 404 झाले.

त्या 6.5 चं कारण शोधायला मला दीड महिना लागला. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात. निबंध कसा लिहायचा हे बाईंनी जीव लावून शिकवलं होतं: आधी सुभाषित, मग प्रस्तावना, विषयाला हळूहळू हात, शेवटी सुंदर समारोप. मी इंग्रजीतही तेच करत होते. 250 शब्दांच्या निबंधात माझी प्रस्तावनाच 90 शब्दांची व्हायची, आणि प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या असतील तर दुसरीला शेवटच्या चार ओळी मिळायच्या. तपासणारा पाहतो की विचारलेल्या प्रत्येक भागाला उत्तर आलं का. मग मी रोज पहाटे एक निबंध लिहायला लागले, 40 मिनिटं घड्याळ लावून. पहिल्या दोन वाक्यांत माझं मत, पुढच्या परिच्छेदात एक कारण आणि एकच उदाहरण. उदाहरणं सोलापूरचीच घेत होते: पाण्याची पाळी, यंत्रमागावरची शिफ्ट, गड्ड्याची जत्रा. ओळखीच्या गोष्टीवर लिहिलं की वाक्यं सरळ येतात. दुसऱ्या वेळी रायटिंगला 7 आले. बाईंच्या शिकवण्याबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. ती परीक्षा वेगळी होती.

कागदपत्रांत डिग्रीची पडताळणी, म्हणजे ईसीए, सगळ्यात जास्त वेळ खाते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट पडताळणी संस्थेकडे जावं लागतं. मी शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायचे आणि कामाच्या दिवशी केगावला, विद्यापीठात, जाता यावं म्हणून सोमवारची रजा टाकायचे. आमच्यात एक पेच होता. माझ्या पदवीवर नुसतं 'सोलापूर विद्यापीठ' आहे, आणि 2019 मध्ये विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. जुन्या नावाची पदवी, नव्या नावाचं ट्रान्सक्रिप्ट. मी नावबदलाच्या आदेशाची प्रत सोबत जोडली आणि काम अडलं नाही. तुमची पदवी 2019 आधीची असेल तर हे आठवणीने करा. 2004 मध्ये सोलापूरचं विद्यापीठ होण्याआधी ज्यांनी डिग्री घेतली, त्यांची कागदपत्रं शिवाजी विद्यापीठाची, त्यांना कोल्हापूर गाठावं लागतं.

अनुभवाच्या पत्रामागे मात्र मी नको तितकी धावले. कारखान्याचे मालक, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, मनाने फार चांगले. त्यांनी लगेच पत्र दिलं: "सदर कर्मचारी आमच्याकडे कामास होत्या, वर्तणूक उत्तम." याचा उपयोग शून्य. पत्रात पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि रोज काय काम करत होते ते लिहिलेलं असावं लागतं. अण्णा म्हणाले, "तूच लिहून आण बाळ, मी सही मारतो." मी लिहिलं, ते वाचून त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केलं, लेटरहेड संपलं होतं ते छापून घेतलं. यात तीन आठवडे गेले. मग कळलं की कॅनडाबाहेरच्या अनुभवाचे गुण तीन वर्षांवर थांबतात. माझी पुण्याची चार वर्षंच पुरेशी होती. क्रमवारीत अण्णांच्या पत्राने एकही गुण वाढला नाही. नोकरी अर्जात दाखवावी लागतेच, तेवढ्यापुरतं ते कामी आलं. प्रत्येक रकान्याची कमाल मर्यादा आधी पाहा, मग धावपळ करा.

आणि न केलेलं काम दाखवू नका. एका एजंटाने मला सहज सांगितलं होतं की अजून दोन वर्षांचा अनुभव "बसवून देतो". खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. तसंच कोणी आज नोकरीच्या ऑफर लेटरवर 50 किंवा 200 गुण मिळवून देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका. ते गुण मार्च 2025 पासून काढून टाकलेत.

जूनच्या शेवटी मी 461 घेऊन रांगेत उभी राहिले. 10 जुलैच्या ड्रॉचा कटऑफ 460 होता. एक गुण वर. माझा वाढदिवस 2 ऑगस्टचा. त्या दिवशी 31 पूर्ण झाल्यावर वयाचे 5 गुण आपोआप गेले असते आणि 456 राहिले असते. ऑगस्टमध्ये दोन ड्रॉ निघाले, 466 आणि 457 वर. दोन्हींत माझं नाव नसतं. आमंत्रण आल्यावर 60 दिवसांत सगळं भरायचं असतं. पोलिस क्लिअरन्स, मेडिकल, बँकेतल्या पैशांचे सहा महिन्यांचे कागद. ते कष्टाचं होतं, पण त्यात अवघड काही नव्हतं.

आज माझे 461 पुरले नसते. 2024 मध्ये सर्वसाधारण ड्रॉ 500 च्या वर गेले होते. पण 2023 पासून ठरावीक गटांसाठी वेगळे ड्रॉ निघतात: आरोग्यसेवा, काही कुशल कारागिरी, फ्रेंच भाषा येणारे. फ्रेंचचे कटऑफ बरेच खाली असतात, त्यामुळे पंचविशीत असाल आणि दीड-दोन वर्षं देता येत असतील तर फ्रेंच मनापासून शिका. एखाद्या प्रांताने नामांकन दिलं तर एकदम 600 गुण मिळतात, पण प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे.

माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियाला गेला. तिथली पद्धत वेगळी. किमान 65 गुण लागतात, प्रत्यक्षात आमंत्रणाला बहुतेकदा त्याहून जास्त. वयाचे गुण कॅनडासारखे दरवर्षी झिजत नाहीत, पायरीने उतरतात: 25 ते 32 ला 30, 33 पूर्ण झाली की 25, आणि पंचेचाळिशीला दार बंद. आधी स्किल असेसमेंट, म्हणजे तुमचं शिक्षण आणि अनुभव किती धरायचा याची तपासणी. तो आयटीतला, त्याची सहा वर्षं नोकरी, पण असेसमेंटमध्ये पहिली दोन वर्षं वजा झाली, चारच धरली आणि 10 ऐवजी 5 गुण मिळाले. ते 5 त्याने मराठीतून भरून काढले! तिथे नाटी, म्हणजे भाषांतरकार-दुभाष्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था, तिची सीसीएल नावाची परीक्षा आहे, इंग्रजी आणि आपली भाषा यांच्यात दुभाष्याचं काम करायचं. मराठीत देता येते. दोन संवाद, 90 पैकी 63 हवेत आणि प्रत्येक संवादात 45 पैकी किमान 29.

घरात दिवसभर मराठी बोलणाऱ्याला हे सोपं वाटतं, पण तसं नाही. सोलापुरात आपल्या बोलण्यात कानडी, तेलुगू, दखनी सगळं मिसळलेलं, वर निम्मे शब्द इंग्रजी. डॉक्टर आणि पेशंटच्या संवादात त्याला 'रक्तदाब' आठवायचा, 'भूल' आठवायची नाही. मावशी भाजी निवडत बसायची आणि तो इंग्रजी वाक्य ऐकून तिला मराठीत सांगायचा. तिला कळलं नाही की ती हात थांबवायची. तेवढ्यावरून त्याला समजायचं की वाक्य कुठेतरी सुटलं.

परवा शेजारच्या काकूंचा मुलगा पुन्हा आला होता, यावेळी फाइल घेऊन. 28 वर्षांचा, बी.ई., पाच वर्षं नोकरी. एकोणतिशीपर्यंत वयाचे गुण पूर्ण मिळतात, तिशीला उतरायला लागतात. म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत आम्ही त्याच्या तिसाव्या वाढदिवसाची तारीख लिहिली आणि तिथून मागे मोजत आलो: ट्रान्सक्रिप्टला तीन महिने, आयईएलटीएसच्या दोन खेपांना चार महिने. दहावीच्या सर्टिफिकेटवर त्याच्या वडिलांचं नाव एका स्पेलिंगने आहे, पासपोर्टवर दुसऱ्या. ते काम उद्याच सुरू करायचं ठरलं.