रास्पबेरी पायवर जुने गेम: या चुका टाळा

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, बरेच जण तो टीव्हीला लावून त्यावर जुने व्हिडिओ गेम खेळतात. त्याच्या चौथ्या मॉडेलवर, म्हणजे पाय ४ वर, गेम अडकतात, आवाज फाटतो, मधेच रिस्टार्ट होतो अशी तक्रार करणारा प्रत्येक जण शेवटी हमखास जोडतो, "चार्जर ६७ वॅटचा आहे, म्हणजे पॉवरचा प्रॉब्लेम नाही." तोच असतो हो! ते ६७ वॅट चार्जर आणि फोन यांचं आपसात जमलं की जास्त व्होल्टवर मिळतात. पाय ४ फक्त ५ व्होल्टवर चालतो आणि तेवढ्यावर बरेच मोबाईल चार्जर २ अँपिअरच देतात, शिफारस आहे ३ ची. त्यात केबल पॉवर बँकेसोबत आलेली, पातळ. तिचा रेझिस्टन्स ०.२ ओहम धरा, २ अँपिअर ओढले की ०.४ व्होल्ट वाटेतच गेले, पोचले ४.६, आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाय लो व्होल्टेजची वॉर्निंग देऊन प्रोसेसरचा वेग उतरवतो. ऑफिशियल अडॅप्टर ५ नाही ५.१ व्होल्टचा असतो, तो याचसाठी.

आमच्या सोसायटीत गणपतीत पोरांसाठी कॉन्ट्रा या जुन्या गेमची स्पर्धा ठेवली होती. बी विंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काका, मी करतो सगळं." एकटा खेळला की छान, दुसरा कंट्रोलर लावला की पाय रिस्टार्ट. त्याने इम्युलेटर (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बदलला, मेमरी कार्ड पुसून परत सगळं टाकलं, मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून ओव्हरक्लॉक केलं, प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगात पळवला, म्हणजे आधीच करंट पुरत नाही त्यात मागणी अजून वाढवली. मी विचारलं, स्क्रीनवर लो व्होल्टेजच्या वॉर्निंगचं विजेचं चिन्ह येतं का रे? म्हणे, "येत होतं, गेमच्या मधे वाईट दिसायचं म्हणून कॉन्फिगमधून बंद केलं." आता यावर काय बोलणार! मंडपातली लांबलचक केबल काढून पायचा स्वतःचा अडॅप्टर लावला, ओव्हरक्लॉक काढलं, स्पर्धा रात्री साडेदहापर्यंत चालली.

माझी सवय सांगतो. नवीन पाय हातात आला की सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवायचा आणि मग टर्मिनलवर व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोअर थ्रॉटल्ड ही कमांड द्यायची, मधे व्होल्टेज पडलं का, वेग उतरला का ते ती सांगते. ०एक्स० आलं तरच पुढे, दुसरं काहीही आलं तर आधी पॉवर आणि तापमान बघायचं, इम्युलेटरच्या सेटिंगला हात लावायचा नाही. ८० डिग्रीला पाय स्वतःच मंदावतो, त्यामुळे बिनाभोकाचा सुंदर ॲक्रिलिकचा डबा घेऊ नका.

दुसरी गोष्ट जिने माझं डोकं फिरतं, खेळून झालं की भिंतीवरचं बटण बंद. अरे टीव्ही आहे का तो? आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू असते, कार्डवर काहीतरी लिहिलं जात असतं, आणि रेट्रोपायच्या (पायवर जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर) मेनूमधले फेव्हरिट वगैरे तर मेनूतून बाहेर पडतानाच सेव्ह होतात. मग "फेव्हरिट गायब झाले", "आता बूटच होत नाही". मेनूतून शटडाऊन करा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की बटण. मी तर सगळं मनासारखं जमलं की त्याच दिवशी पूर्ण कार्डची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, कॉम्प्युटरवर काढून ठेवतो.

दहा हजार गेम भरलेलं रेडीमेड कार्ड घेऊ नका, चोरीचा माल तर आहेच, वर त्यातले निम्मे चालत नाहीत आणि काय कुठे आहे ते तुम्हालाही कळत नाही. पाय ४ कडून प्लेस्टेशन २ ची अपेक्षा ठेवू नका. टीव्ही पॉवरच्या शेजारच्या एचडीएमआयला लावा. उडी उशिरा लागत असेल तर कंट्रोलर बदलण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा.

आणि डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीचे, गेम सुसाट पळत असतील तर पाय फार पॉवरफुल आहे म्हणून खूश होऊ नका, ते चालवणाऱ्या डॉसबॉक्स इम्युलेटरमध्ये सायकल्स, म्हणजे वेगाची सेटिंग, मॅक्सवर असतील. ३००० पासून सुरू करा, कंट्रोल एफ११ ने कमी, कंट्रोल एफ१२ ने जास्त.